मुक्काम पोस्ट पंचतारांकित

गरीब देशांत इंटरनेट कसं पोहोचवायचं यावर चर्चा करायची, तर एकच अट असते. चर्चेच्या ठिकाणी इंटरनेट उत्तम हवं.

म्हणून ती चर्चा सहसा गरीब देशांत होत नाही. झालीच, तर राजधानीतल्या सर्वांत महागड्या हॉटेलात होते. मागे जनरेटर, पुढे एसी गाड्या, आणि मधे 'शाश्वत विकास' लिहिलेला बॅनर.

जुलै २००० मध्ये आठ श्रीमंत देशांचे नेते जपानमधल्या ओकिनावाला जमले. 'डिजिटल दरी' बुजवायची, असं एकमताने ठरलं. त्यासाठी काय केलं? टास्क फोर्स नेमला. दरीत काय टाकायचं हा प्रश्न तेव्हाच सुटला.

अहवाल.

पुढे संयुक्त राष्ट्रांनी माहिती समाजाची शिखर परिषद भरवली. २००३ मध्ये जीनिव्हाला, २००५ मध्ये ट्युनिसला. ट्युनिशियाचं तेव्हाचं सरकार वेबसाइट बंद करण्यात आणि लिहिणाऱ्यांना आत टाकण्यात पटाईत होतं. माहिती मुक्त वाहावी यावर बोलायला याहून चांगली जागा कुठे मिळणार?

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा २०२४ चा हिशेब सांगतो की जगातले २६० कोटी लोक तेव्हाही ऑफलाइन होते. दरी जागच्या जागी आहे. ती मोजायला जाणाऱ्यांचं विमान कंपनीचं कार्ड मात्र सिल्व्हरचं प्लॅटिनम झालं.

ट्युनिसच्या त्याच परिषदेत निकोलस निग्रोपॉन्टी यांनी जगाला हिरवा लॅपटॉप दाखवला. शंभर डॉलरचा. वीज नाही? बाजूचा दांडा फिरवा. शेजारी साक्षात संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान उभे. प्रात्यक्षिकातच दांडा निखळला.

तरी टाळ्या वाजल्या. उद्घाटनाला टाळ्या वाजवायच्या असतात, वस्तू चालते का हे नंतर बघायचं असतं.

लॅपटॉप खरोखर तयार झाला तेव्हा दांडा गायब होता आणि किंमत जवळपास दुप्पट. पेरूने तरीही आठ लाखांहून अधिक घेतले. २०१२ मध्ये इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने तिथल्या शाळा तपासल्या. मुलांचं गणित सुधारलं? नाही. भाषा सुधारली? तीही नाही. लॅपटॉप डोंगरातल्या शाळेपर्यंत गेले. गुरुजींना त्याचं काय करायचं हे धड शिकवायला मात्र कुणी गेलं नाही.

कारण लॅपटॉप पोहोचवणं ही बातमी असते. गुरुजींना शिकवणं हे काम असतं.

निग्रोपॉन्टी मात्र या निकालासाठी थांबलेच नव्हते. २०११ मध्येच त्यांनी नवी कल्पना मांडली होती. टॅबलेट हेलिकॉप्टरमधून खाली टाकायचे आणि वर्षभराने येऊन बघायचं. म्हणजे जमिनीवर उतरण्याचीही कटकट नको. पूरग्रस्त भागाची हवाई पाहणी आमच्या मंत्र्यांनी शोधून काढली अशी आमची समजूत होती. पेटंट घ्यायला हवं होतं.

दक्षिण आफ्रिकेत त्याआधीच 'प्लेपंप' आला होता. मुलांनी फिरत्या चक्रावर खेळायचं, त्या चक्राने पंप चालायचा, गावाला पाणी मिळायचं. अमेरिकेच्या तेव्हाच्या 'फर्स्ट लेडी' लॉरा बुश यांनी २००६ मध्ये त्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलरची घोषणा केली. पुढे 'गार्डियन'ने साधा त्रैराशिकाचा हिशेब मांडला. ठरवलेल्या सगळ्या माणसांना पाणी मिळायचं, तर मुलांना रोज २७ तास खेळावं लागेल.

शाळा धरून.

आपण मात्र शहाणे. २००६ मध्ये केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने तो हिरवा लॅपटॉप चक्क नाकारला. छाती फुगली ना? थांबा. २००९ मध्ये तिरुपतीला आपलाच दहा डॉलरचा लॅपटॉप येणार म्हणून गाजावाजा झाला. पडदा उघडला तर लॅपटॉपच नव्हता, माहिती साठवायची डबी होती. मग २०११ मध्ये 'आकाश' टॅबलेट आला, जगात सर्वांत स्वस्त म्हणून. बोट दाबून दाबून विद्यार्थ्यांच्या नखांचा व्यायाम झाला.

मंत्रालयाच्या नकारानंतरही हिरवा लॅपटॉप महाराष्ट्रात येऊन गेलाच. २००७ मध्ये, रायगड जिल्ह्यातल्या एका छोट्या एकशिक्षकी शाळेत. गावाचं नाव खैरात. पुढे चला.

अशी गावं निवडायची एक न छापलेली कसोटी असते. गाव मागास हवं, पण सकाळी विमानतळावरून निघून संध्याकाळी हॉटेलात जेवायला परतता आलं पाहिजे.

रॉबर्ट चेंबर्स नावाच्या ब्रिटिश अभ्यासकाने १९८३ मध्येच या दौऱ्यांचं पोस्टमॉर्टेम करून ठेवलं आहे. बाहेरचा पाहुणा डांबरी रस्त्याकडेचं गाव बघतो. जिथे प्रकल्प चालू आहे तेच गाव बघतो. गावातल्या बोलक्या पुढाऱ्याशी बोलतो. आणि येतो तो पावसाळा सरल्यावर. चिखल, रिकामी कणगी आणि साथीचे आजार हा हंगाम त्याच्या डायरीत नेमका मोकळा नसतो.

पटत नसेल तर मेळघाटात जुलैमध्ये परिषद ठेवून बघा. कोरम भरणार नाही.

मार्क झुकरबर्गही २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये राजस्थानातल्या चांदौली गावी येऊन गेले. ऑक्टोबर. रस्ते सुकलेले असतात. पुढे त्यांच्या कंपनीने गरिबांसाठी 'फ्री बेसिक्स' आणलं. फुकट इंटरनेट, पण कोणतं इंटरनेट ते आम्ही ठरवू. फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरसंचार नियामक 'ट्राय'ने ते बंद पाडलं. गरिबाला फुकट मिळत होतं ते तुम्ही अडवलं, असा आरोप झाला. करणारे सगळे वायफायवर होते.

झुकरबर्ग खचले नाहीत. त्याच वर्षी ऑगस्ट संपता संपता ते लागोसला गेले, नव्या कंपन्यांच्या पोरांना भेटले, पुलावरून धावले. तिथून नैरोबी. १ सप्टेंबरला ते आफ्रिकेत असतानाच अमेरिकेत फ्लोरिडाच्या तळावर रॉकेटचा स्फोट झाला आणि आफ्रिकेला इंटरनेट पुरवणारा उपग्रह जागच्या जागी खाक. साहेब वेळेवर पोहोचले होते. इंटरनेट निघालंच नाही.

सौरऊर्जेवर उडणारं ड्रोनही करून झालं. २०१८ मध्ये ते गुंडाळलं. तिकडे गुगलच्या मूळ कंपनीने फुगे सोडले. जुलै २०२० मध्ये केनियाच्या आकाशात फुग्यांवरून इंटरनेट सुरू झालं आणि जानेवारी २०२१ मध्ये फुग्यांची कंपनी बंद करत असल्याची घोषणा. फुगा फुटला म्हणावं, तर वर्तमानपत्रांनी आधीच म्हणून घेतलं.

उपग्रह जळला, ड्रोन उतरलं, फुगे आवरले. आकाशमार्गे माहिती पोहोचवण्याचा आमच्या नोंदीतला यशस्वी प्रयोग एकच.

कबुतर.

दक्षिण आफ्रिकेत सप्टेंबर २००९ मध्ये संथ इंटरनेटला वैतागलेल्या एका कंपनीने शर्यत लावली. विन्स्टन नावाच्या कबुतराच्या पायाला ४ जीबीचं कार्ड बांधलं आणि त्याला ८० किलोमीटरवरच्या दुसऱ्या ऑफिसकडे सोडलं. तीच माहिती ब्रॉडबँडवरूनही पाठवायला घेतली. कबुतर तासाभरात पोहोचलं. कार्डातली माहिती संगणकात उतरवून झाली तरी एकूण दोन तासांवर सातच मिनिटं. तोवर ब्रॉडबँडवरून गेली होती ४ टक्के.

विन्स्टनला कुठल्याही परिषदेत भाषणाला बोलावल्याचं ऐकिवात नाही. व्हिसा मिळाला नसेल.

हसू नका. व्हिसाचंच बघू.

डिसेंबर २०१८ मध्ये माँट्रियलला कृत्रिम बुद्धिमत्तेची जगातली सर्वांत मोठी परिषद होती. या क्षेत्रात काळी माणसं कमी का दिसतात, यावर तिथे एक खास कार्यशाळाही होती. तिला येऊ घातलेल्या डझनावारी आफ्रिकी संशोधकांना कॅनडाने व्हिसा दिला नाही. कमी का दिसतात, याचं उत्तर विमानतळाआधीच मिळालं. कार्यशाळेची गरजच काय होती?

त्याच माँट्रियलमध्ये २०२२ ला एड्सची जागतिक परिषद. एड्सचा सर्वांत मोठा भार आफ्रिकेवर, त्यामुळे व्हिसा नाकारलेल्यांची रांगही आफ्रिकेचीच लांब. संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाच्या प्रमुख विनी ब्यानयिमा, मूळच्या युगांडाच्या. जीनिव्हाच्या विमानतळावर त्यांचीच कागदपत्रं पुन्हापुन्हा चाळली गेली, फोनाफोनी झाली, आणि सगळ्यांत शेवटी त्यांना विमानात चढू दिलं. हे त्यांनीच जाहीरपणे सांगितलं. बाई परिषदेला चालल्या होत्या विषमतेवर बोलायला.

तसं कुणाला तरी आधीच सुचलं होतं की परिषदच आफ्रिकेत नेऊ. कृत्रिम बुद्धिमत्तेची आणखी एक मोठी परिषद २०२० मध्ये अदिस अबाबाला ठरली. सगळं जुळलं, आणि करोना आला. परिषद ऑनलाइन झाली. म्हणजे आता व्हिसा नको. फक्त चांगलं इंटरनेट हवं.

नशीब, ती २०२३ ला किगालीत तरी भरली.

युरोपचा शेंगेन व्हिसा जून २०२४ पासून ९० युरोचा झाला. नाकारला तर पैसे परत नाहीत. नापास झालो म्हणून परीक्षा फी मागायला आपणही कुठे जातो? पण आपल्या परीक्षेत निदान पेपर तरी हातात येतो.

इकडून तिकडे जाणाऱ्याचं हे. तिकडून इकडे येणाऱ्याचं काय?

पाहुणा उतरतो डिजिटल इंडियात. विमानतळावर फुकट वायफाय. त्यासाठी मोबाईलवर ओटीपी. परदेशी नंबरवर तो येईलच असं नाही. मग भारतीय नंबर घ्या. त्यासाठी सिमकार्ड. सिमकार्डासाठी कागदपत्रं. कागदपत्रं ईमेलमध्ये. ईमेल उघडायला वायफाय.

बाहेर चहावाल्याकडे क्यूआर कोड, पाहुण्याच्या खिशात क्रेडिट कार्ड. परदेशी पाहुण्यांना यूपीआय वापरता यावं ही सोय २०२३ मध्ये निघाली, सुरुवात जी-२० देशांच्या प्रवाशांपासून. एका कटिंगसाठी आधी शिखर परिषद भरवावी लागली.

हा झाला साधा पाहुणा. जास्त तयारीने आलेल्याची गंमत वेगळीच. जिथे रेंज नाही तिथे जीव वाचवायला गिर्यारोहक, धावपटू, तेलाच्या विहिरींवरचे इंजिनिअर खिशात उपग्रहावर चालणारं छोटं यंत्र ठेवतात. जगभर ते खेळाच्या दुकानात मिळतं. भारतात ते विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळांवर असे परदेशी पाहुणे पकडले गेले. त्याआधी २०२२ मध्ये सौदी तेल कंपनीतला एक बडा अधिकारी उत्तराखंडात उपग्रह फोनसह सापडला आणि आठवडाभर कोठडीत बसून १,००० रुपये दंड भरून सुटला.

२६/११ च्या हल्लेखोरांनी उपग्रह फोन वापरला होता, त्यामुळे सावधगिरी समजते. पण यात लागलेल्या कायद्यांपैकी एक १९३३ चा. बिनतारी संदेशाचा. त्या वर्षी भारतात घरी रेडिओ असणं हीच चैन होती. व्हिसाला ९० युरो मागणाऱ्यांना नावं ठेवताना हेही लक्षात असू द्यावं.

या सगळ्या गर्दीत एक प्रवासी कुणाला दिसत नाही. पुण्याहून लागोसला सर्व्हर बसवायला जाणारा. किंवा नाशिकहून दार-एस-सलामला मशिनरी उभी करायला. याला 'टेक फॉर गुड' वगैरे माहीत नसतं, व्हेंडरची डेडलाइन माहीत असते.

हा आधी पिवळ्या तापाची लस टोचून घेतो. दहा दिवसांनी ते प्रमाणपत्र लागू होतं. पिवळं कार्ड विसरून परत आला, तर आपलेच लोक सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवतात. लॅपटॉप राहिला तर चालतं, कार्ड राहिलं तर नाही. बॅगेत चिवडा, लसणाची चटणी, आणि तीन जातींचे प्लग. चटणी कस्टममध्ये अडकते. प्लग कधीच बसत नाही.

लागोसला वीज जाते. जाते म्हणजे, असते कधी असा प्रश्न. तिथे सर्वांत छोट्या जनरेटरचं लोकांनी ठेवलेलं नाव आहे 'आय बेटर पास माय नेबर'. शेजाऱ्यापेक्षा मी बरा. वीज आली की अख्खी गल्ली ओरडते, 'अप नेपा!' नेपा हे तिथल्या वीज मंडळाचं नाव. ते मंडळ केव्हाच मोडीत निघालं, आरोळी शाबूत आहे. नांदेडचा पोरगा ती पहिल्यांदा ऐकतो आणि भाषांतर न विचारता टाळी देतो.

हा तिथे महिनोन्महिने राहतो. व्होल्टेज उड्या मारतं तिथे स्टॅबिलायझर लावतो. स्थानिक मुलाला पासवर्ड सांगतो, केबल कुठून कुठे जाते ते दाखवतो. सिस्टिम पडली की रात्री दोनला उठून जातो. त्याला परिषदेचं आमंत्रण आजवर आलेलं नाही.

तो साइटवर असतो ना.

आणि खरा प्रश्न तोच आहे. यंत्र पोहोचवणारा परत गेल्यावर तिथे कोण राहतं? हिरव्या लॅपटॉपजवळ कोण राहिलं? चक्राच्या पंपाजवळ कोण? टास्क फोर्सपासून हेलिकॉप्टरपर्यंत सगळ्यांकडे परतीचं तिकीट होतं. आकस्मिक खर्चाची तरतूदही होती. दुरुस्तीची नव्हती.

वारणेचं घ्या. आपल्याच कोल्हापूर-सांगलीकडचं.

१९९८ मध्ये केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा सहकारी समूह यांनी मिळून ७० गावांचं 'वायर्ड व्हिलेज' उभं केलं. त्या काळी शहरातल्या निम्म्या कचेऱ्यांत संगणकावर कापडी झाकण असायचं, आणि इथे खेड्यात बूथ. स्वप्नं काय विचारता. शेतकरी बाजारभाव बघणार, पिकांवरची कीड ओळखणार, आरोग्याचा सल्ला घेणार, पोरं जगाचं ज्ञान वेचणार. भाषणांत वारणेचा दाखला पाठ झाला होता.

शेतकरी बूथवर गेला. त्याने काय विचारलं?

माझ्या उसाचं वजन किती भरलं? तोड कधी येणार? बिल निघालं का?

बास. न्यूयॉर्कचा साखरेचा भाव त्याला नको होता. काट्यावर आपल्या गाडीचं काय झालं, ते हवं होतं. साखर पट्ट्यातल्या कुणालाही विचारा, यापेक्षा मौल्यवान माहिती जगात नाही. आणि ती कारखान्याच्या संगणकात आधीपासून होती. सत्तर गावांत यंत्रं मांडली ती एवढ्या एका पावतीसाठी, हे कळायला काही वर्षं गेली.

मग काही वर्षांनी बंगळुरूहून मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्राची माणसं आली. त्यांनी बूथवर बसून नुसतं पाहिलं की लोक विचारतात काय. आणि उपाय काढला. कारखान्यात एक संगणक, त्याला जोडलेला एक मोबाईल. शेतकऱ्याने एसएमएस पाठवायचा, उत्तर एसएमएसवर. सात गावांत करून बघितलं. चाललं. 'वायर्ड'चं झालं 'अनवायर्ड'.

गावातले संगणक काढा, हे सांगायला जगातल्या सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीचे लोक यावे लागले. आपल्या समितीने सांगितलं असतं, तर समिती बरखास्त झाली असती.

त्या संशोधकांपैकी एक, केंतारो तोयामा, पुढे नोकरी सोडून प्राध्यापक झाले आणि २०१५ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं. सार असं की तंत्रज्ञान असलेलंच वाढवतं. चांगली शाळा असेल तर आणखी चांगली करतं. ढिसाळ असेल तर ढिसाळपणाला वीजजोडणी देतं. वारणेत एसएमएस चालला, कारण तात्यासाहेब कोरे यांनी पन्नासच्या दशकात उभा केलेला कारखाना तिथे होता, सभासद होते, वजन बरोबर मिळायला हवं म्हणून भांडणारी माणसं होती. ही माणसं कुठल्या प्रकल्पाच्या बजेटात बसवणार?

केनियाच्या 'एम-पेसा'चंही तसंच. ब्रिटिश सरकारचा निधी आणि व्होडाफोनची माणसं २००५ मध्ये तिथे गेली ती छोट्या कर्जांचे हप्ते मोबाईलवरून भरता यावेत म्हणून. लोकांनी हप्ते बाजूला ठेवले आणि त्याच सोयीने गावी पैसे पाठवायला सुरुवात केली. शहाणपण एवढंच की कंपनीने लोकांना अडवलं नाही. २००७ मध्ये सेवा सुरू केली ती पैसे पाठवायचीच. कोपऱ्यावरचा दुकानदार झाला एजंट. तो सकाळी दुकान उघडतो, रात्री बंद करतो, रविवारी चर्चला जातो. कुठेही उडून जात नाही.

आता केनियाचे राष्ट्राध्यक्ष मात्र उडतात. विल्यम रुटो यांच्या परदेश दौऱ्यांवर तिथली तरुण पोरं हवी तेवढी टिंगल करतात. मे २०२४ मध्ये ते थाटात अमेरिकेला गेले. त्याच सुमारास मायक्रोसॉफ्ट आणि अबुधाबीच्या एका कंपनीने मिळून केनियात १०० कोटी डॉलरच्या डेटा सेंटर प्रकल्पाची घोषणा केली. केवढा मोठा विजय! जूनमध्ये नव्या करांविरुद्ध तीच पोरं रस्त्यावर आली. हाका ऑनलाइन, वर्गणी एम-पेसावर. इंटरनेट बंद करणार नाही, असं तिथल्या नियामकाने आदल्या दिवशी सांगितलं होतं. २५ जूनला ते रडतखडत चालू लागलं.

तंत्रज्ञान लोकांपर्यंत पोहोचलं की असा त्रास होतो.

आपण हसायचं कारण नाही. 'ॲक्सेस नाऊ' या संस्थेच्या मोजणीत इंटरनेट बंद करण्यात भारत २०१८ पासून सलग सहा वर्षं जगात पहिला. २०२४ मध्ये ८४ वेळा बंद करूनही नंबर गेला. म्यानमारने ८५ केले. एकाने हुकलं.

आणि पोहोचवण्याचं काय? देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबर द्यायची योजना केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली, दोन वर्षांत काम पूर्ण करायच्या बोलीवर. मग मुदत वाढली. मग नाव बदललं. मग पुन्हा मुदत वाढली. गावात फायबर आलं की नाही हे ओळखायची सोपी खूण म्हणजे पंचायतीच्या भिंतीवरचा बंद डबा. डबा आहे म्हणजे फायबर आलं. दिवा लागतो का, हे विचारणारे तुम्ही कोण?

आणि जे तिथेच राहतात त्यांचं काय? परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घातले, २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक पुरस्कार मिळवला, निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या स्पर्धकांत वाटून टाकली. सगळ्या पक्षांनी फोटो काढले. पुढे गुरुजींना फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळाली आणि अमेरिकेला जायची वेळ आली. जानेवारी २०२२ मध्ये रजेचा अर्ज जिल्हा परिषदेत अडकला. राज्याच्या शिक्षणमंत्र्यांना लक्ष घालावं लागलं.

परदेशी अभ्यास दौऱ्याच्या यादीत नाव कसं घालायचं, हे गुरुजींना कुणी सांगितलं नसावं. तिथे रजा लागत नाही. अभ्यासही लागत नाही.

आणि आपल्या अंगणवाडी सेविका. २०१९ मध्ये सरकारने त्यांना मोबाईल दिले. मुलांची वजनं, उंच्या, आहार, सगळं ॲपवर भरा. फोनची रॅम २ जीबी. ॲप उघडलं की फोन बंद, फोन उघडला की ॲप बंद. पुढे केंद्राचं नवं ॲप आलं, ते इंग्रजीत. पालघरच्या पाड्यावरच्या बाईने मराठीत जेवू घातलेल्या पोराची नोंद इंग्रजीत करायची. फोन बिघडला तर दुरुस्ती कुणाच्या माथी? सेविकेच्याच, अशी त्यांची तक्रार.

ऑगस्ट २०२१ मध्ये हजारो सेविकांनी हे फोन बालविकास प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. कुणी विमानाने गेलं नाही, कुणाला दैनिक भत्ता नव्हता. एसटी, वडाप, दोन पायांची गाडी.

कार्यालयांत फोनचे ढीग लागले. वजन-उंचीच्या नोंदी सेविकांनी परत रजिस्टरात सुरू केल्या. नव्या फोनची मागणी वर गेली, त्यावर बैठका झाल्या. बैठकीच्या खोलीत वायफाय होतं.